एक प्रोजेक्टर, ५२ मुलं, ३५ मिनिटं: माझा अनुभव

मुंबईतल्या दोन पाळ्यांच्या मराठी शाळेत वर्ग कुणा एकाचा नसतो. सकाळी ज्या बाकांवर प्राथमिकची मुलं बसतात, त्यावरच दुपारी माध्यमिकची. त्यामुळे छताला कायमचा प्रोजेक्टर ही चैन इथे नाही. पेटी उचलून न्यायची, तास घ्यायचा, घंटेआधी आवरायचं. आठवीच्या ५२ मुलांना विज्ञान शिकवताना या चौकटीत काय बसलं आणि काय नाही, ते लिहिते आहे. उदाहरणाला एकच तास घेते: धाराविद्युत, दोन दिव्यांची एकसर जोडणी, म्हणजे एकाच वाटेवर एकामागे एक दोन दिवे.

आधी मुद्द्याचं. ३५ मिनिटांत पडदा आठ-दहा मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवत नाही. पडदा चालू राहिला की वर्ग शांत होतो आणि ती शांतता फसवी असते. मुलं बघत असतात, विचार करत असतातच असं नाही. यंत्राकडून मी दोनच कामं करून घेते. फळ्यावर जे दाखवता येत नाही ते दाखवणं, आणि ५२ जणांची उत्तरं मिनिटभरात गोळा करणं. बाकी सगळं खडूवर.

प्रोजेक्टर कुठे ठेवायचा हे आदल्या दिवशी रिकाम्या वर्गात ठरवावं. आमच्या प्रोजेक्टरचं अंतर आणि चित्राची रुंदी यांचं प्रमाण साधारण दीडास एक आहे, म्हणजे सहा फूट रुंद चित्रासाठी भिंतीपासून नऊ फूट. दोन रांगांमधल्या वाटेत स्टुलावर तो ठेवला की झोत पहिल्या बाकापाशी पावणेतीन फूट रुंद झालेला असतो आणि वाट असते दोन फुटांची. आतल्या बाजूच्या दोन मुलांची डोकी चित्रात येणारच. त्यांना आधीच बाहेरच्या बाजूला सरकवायचं. चित्र लागल्यावर सरकवायला गेलं की हाताच्या सावलीचे ससे आणि हरणं सुरू होतात. चित्राची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर हवी. त्यासाठी प्रोजेक्टर तिरका उचलला तर चित्र वर रुंद, खाली अरुंद होतं. ते किस्टोनच्या बटणाने सरळ करता येतं, पण जितकं जास्त सरळ करावं तितकी बारीक अक्षरं फुटतात. स्टूल उंच घेणं बरं. छताला टांगायचा विचार असेल तर आधी पंखे बघा. झोत पात्यांमधून गेला तर चित्र लुकलुकतं, आणि उकाड्यात पंखा बंद करायला कोण तयार होणार?

चित्र पांढऱ्या चकचकीत बोर्डावर पाडू नका, दिव्याचा गोळा मध्यभागी चमकतो आणि एका बाजूच्या मुलांना काहीच दिसत नाही. चुन्याची साधी भिंत उत्तम. पडदे नसतील तर भिंतीजवळच्या दोन खिडक्यांना जुने पुठ्ठे लावले तरी काम होतं. सगळ्या वर्गात अंधार करायची गरज नाही, उलट मागे उजेड हवाच. मुलांना वहीत लिहायचं असतं.

वायरीबद्दल थोडक्यात. पाच मीटरची एचडीएमआय केबल पुरते. जुन्या व्हीजीए केबलमधून आवाज जात नाही, हे ऐनवेळी आठवतं. फोन थेट जोडायला टाइप-सीचा अडॅप्टर घेण्यापूर्वी फोनला व्हिडिओ बाहेर देता येतो का ते बघा. कमी किमतीच्या बऱ्याच फोनचं टाइप-सी फक्त चार्जिंग आणि फाइलींपुरतं असतं, अडॅप्टर कितीही चांगला असला तरी पडदा काळाच राहतो. लॅमिंग्टन रोडला गेलात तर फोन घेऊन जा आणि दुकानातच लावून बघा. लॅपटॉपवर चित्र आलं नाही तर विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडायचं. चित्रावर आडव्या लाटा सरकत असतील तर बहुधा अर्थिंगचा घोळ असतो; लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवला की लाटा सहसा जातात.

दिव्याचा प्रोजेक्टर बंद केल्यावर आतला पंखा एक-दोन मिनिटं चालू द्यावा लागतो. घंटा झाली म्हणून प्लग ओढला की दिवा तापलेलाच राहतो आणि लवकर जातो. म्हणून घंटेआधी पाच मिनिटं बंद. मध्येच पडदा नको असेल तर प्रोजेक्टर बंद-चालू करू नये, रिमोटवरचं 'ब्लँक' दाबावं. भिंगासमोर वही धरणं तर मुळीच नको, तापते. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरली की चित्र दुधाळ दिसतं आणि ते पुसून जात नाही.

स्लाइड मराठीत करताना दोन चुका हटकून होतात. पहिली फॉन्टची. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल शाळेच्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हांचा खिचडा दिसतो, कारण तो फॉन्ट तिथे नसतो. युनिकोडमध्येच टाइप करावं, वर पीडीएफची एक प्रत ठेवावी. मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला 'मुक्त' हा फॉन्ट मोफत मिळतो आणि लांबून स्वच्छ वाचता येतो. दुसरी चूक आकाराची. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. इंग्रजीला चालतो तो आकार आपल्याला पुरत नाही. 'ष्ट' आणि 'ष्ठ' शेवटच्या बाकावरून वेगळे दिसले पाहिजेत. ३२ पॉइंटच्या खाली मी जात नाही आणि एका स्लाइडवर सहा ओळींच्या वर नाही.

आता तास. पहिली पाच मिनिटं फळ्यावर आकृती: सेल, दोन अगदी सारखे दिवे, एकसर. सेलच्या धन टोकाकडून निघालं की आधी पहिला दिवा, मग दुसरा. प्रश्न: कोणता जास्त उजळेल? ए, पहिला. बी, दुसरा. सी, दोन्ही सारखे. डी, एकही लागणार नाही. पर्याय बनवतानाच कस लागतो. चुकीचे पर्याय उगाच भरलेले नसावेत, मुलांच्या डोक्यात खरोखर असलेल्या समजुती त्यात याव्यात. इथे 'ए' हा असा पर्याय आहे. पहिला दिवा वीज 'खातो' आणि उरलेली पुढे जाते, ही समजूत फार चिवट असते. घरी आपणच म्हणतो ना, 'फ्रिज वीज खातो'!

उत्तरासाठी एक मिनिट, बोलायचं नाही, वहीत अक्षर लिहायचं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, हे विज्ञान-शिक्षणाच्या अमेरिकी अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमधल्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. वर्गात उभं राहून मोजून बघा, जीव वर येतो.

उत्तरं गोळा करायला प्लिकर्स या ॲपची कागदी कार्डं वापरते, ती फोनच्या कॅमेऱ्याने वाचली जातात. मुलांकडे फोन लागत नाही, शिक्षकाकडे एक पुरतो. प्रत्येक कार्डावर काळ्या चौकटींची वेगळी नक्षी असते आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. ज्या उत्तराची बाजू वर धरली, ते त्या मुलाचं उत्तर. नक्षी प्रत्येकाची वेगळी आणि अक्षरं बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून कार्ड फिरवता येत नाही. हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. मी पुढे उभी राहून फोन आडवा धरून डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवते. मिनिटभरात ५२ उत्तरं येतात.

कार्डं एका ए-फोर कागदावर दोन बसतात, म्हणजे ५२ जणांना २६ कागद. जाड कार्डशीटवर छापा. चकचकीत लॅमिनेशन केलं की ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नक्षीवर पडतं आणि ते कार्ड वाचलंच जात नाही. टिकाऊपणासाठी केलेला खर्च असा अंगावर येतो. करायचंच तर मॅट. कार्डाचा क्रमांक म्हणजेच हजेरीचा क्रमांक ठेवला की वाटप मॉनिटर करतो. वाचलं न जाण्याची नेहमीची कारणं दोन: बोटं नक्षीवर येणं, आणि शेवटच्या बाकावरचं कार्ड पुढच्या डोक्याआड जाणं. कार्ड कडांना, छातीसमोर धरायचं; मागच्यांसाठी वाटेने चार पावलं पुढे जायचं. ॲपमध्ये मुलांची नावं घालत नाही, फक्त क्रमांक. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. नाव घातलंच नाही की प्रश्नच मिटतो.

पहिल्या फेरीचा निकाल मुलांना दाखवायचा नाही. हे पाळणं जड जातं, कारण मुलं ओरडत असतात, 'बाई, दाखवा ना!' कोणत्या उत्तराला किती, याचा स्तंभालेख दाखवला की बहुमताकडे पळापळ होते आणि चर्चा मरते. पुढे काय करायचं ते आकडा सांगतो. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जी पद्धत बसवली, तिचा ढोबळ नियम असा: बरोबर उत्तरं ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतील तर मुलांना आपसात बोलू द्या. आमच्या वर्गात म्हणजे १६ ते ३६ मुलं. १६ पेक्षा कमी असतील तर चर्चेत अज्ञानाचीच देवाणघेवाण होते, पुन्हा शिकवावं. ३६ च्या वर असतील तर थोडक्यात खुलासा करून पुढे.

चर्चा तीन मिनिटं. बाकं जड, हलवता येत नाहीत. म्हणून विषम क्रमांकाच्या बाकांवरच्यांनी मागे वळायचं. सूचना एकच: आपल्यापेक्षा वेगळं उत्तर असलेल्याला शोधा आणि त्याला पटवा. 'चर्चा करा' एवढंच सांगितलं तर चर्चा क्रिकेटची होते. मी फिरत कारणं ऐकते, त्यातली दोन पुढे वर्गासमोर येतात. मग दुसरी फेरी, आणि आता दोन्ही निकाल शेजारी शेजारी.

यानंतर पडदा. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' या संकेतस्थळावर पडद्यावर प्रयोग करून बघता येणारी सिम्युलेशन्स आहेत, त्यातला परिपथाचा संच वापरते. फेटची बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत, आणि एचटीएमएल फाइल घरी उतरवून घेतली की लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालते. शाळेच्या वायफायवर भरवसा ठेवून तास आखू नये. संचातली बॅटरी मुळात ९ व्होल्टची आणि दिवा १० ओहमचा असतो. एक दिवा जोडला की धारा मोजणारा ॲमीटर ०.९० अँपिअर दाखवतो. दुसरा एकसर जोडला की ०.४५, आणि ॲमीटर पहिल्या दिव्याआधी लावा, दोघांच्या मध्ये लावा की शेवटी लावा, ०.४५ च. इथे गप्प राहावं. आकडा काय सांगतो ते मुलांनीच बोलू द्यावं.

दोन खड्डे माहीत असू द्या. संचात सुरुवातीला इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात, आणि ते पुस्तकातल्या रूढ विद्युतधारेच्या (धन टोकाकडून ऋण टोकाकडे) उलट दिशेने. आधीच रूढ दिशेचे बाण निवडून ठेवावेत, नाहीतर पाच मिनिटं त्यातच जातात. आणि मुलांच्या हाती माउस दिला की कुणीतरी बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेने जोडतं, पडद्यावर ज्वाळा उठतात, वर्ग टाळ्या पिटतो. ते मुद्दाम, पडदा बंद करण्याआधीच्या शेवटच्या मिनिटात दाखवावं.

पडद्यावर दिसलं म्हणून मुलांना पटतंच असं नाही. 'बाई, ते तर कॉम्प्युटरमध्ये आहे.' बरोबर आहे त्यांचं. म्हणून खरे दिवे हवेत, आणि खऱ्या दिव्यांत खरी गोम आहे. टॉर्चचे दोन दिवे वरून सारखे दिसले तरी एक २.५ व्होल्टचा आणि दुसरा ३.८ चा असू शकतो. एकसर जोडले की एक ठळक आणि एक मंद, आणि इतका वेळ 'ए' म्हणणारा विजयी मुद्रेने बघतो. म्हणून आदल्या दिवशी दिवे जोडीजोडीने एकसर लावून, सारखे उजळणाऱ्या जोड्या वेगळ्या काढून त्यावर रंगाचा ठिपका देते. तरी शंका घेणारा असतोच. त्याला दिव्यांची अदलाबदल करायला सांगायचं. अडीच व्होल्टचे दोन दिवे तीन सेलवर, म्हणजे साडेचार व्होल्टवर, छान लागतात. दोन सेलवर नुसती नारिंगी तार दिसते. मात्र तीन सेल असताना कुणी एका दिव्याला तार टेकवून वगळलं की साडेचारही व्होल्ट दुसऱ्यावर येतात आणि तो जातो. चार संच फिरवायचे, म्हणजे आठ दिवे. जास्तीचे चार खिशात.

व्हिडिओ मी कमी वापरते. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या 'दीक्षा' ॲपमध्ये स्कॅन करून घरीच उतरवून ठेवायचा आणि लागेल तेवढा दीड-दोन मिनिटांचा तुकडाच लावायचा, तोही आवाज बंद करून. पंखे आणि पाऊस यांच्यापुढे प्रोजेक्टरच्या स्पीकरचं काही चालत नाही, शिवाय मध्येच थांबवून 'पुढे काय होईल?' विचारता येतं. घरी बघून या, असं सांगत नाही. घरात फोन एकच असतो आणि तो बाबांबरोबर ड्युटीवर जातो.

कार्डांच्या उत्तरांना गुण देऊ नयेत. गुण आले की कुजबुज आली. अहवालातून मी एकच गोष्ट वहीत उतरवते: दुसऱ्या फेरीनंतरही 'ए'वर राहिलेल्यांचे क्रमांक. पुढच्या तासाला पहिला संच त्यांच्या बाकावर जातो.

वीज गेली किंवा फोनला रेंज नसली तर चार रंगांचे कागद तयार असतात, लाल ए, निळा बी, पिवळा सी, हिरवा डी. डोळे मिटून, 'तीन, दोन, एक' म्हटल्यावर वर. मोजणी अंदाजाने होते, पण १६ आणि ३६ मधला फरक नजरेलाही कळतो.