दरवाजा बसता बसेना

जुन्या गाडीच्या पत्र्याचं काम संपलं म्हणून मी घरी पेढे आणायचेच तेवढे बाकी ठेवले होते आणि मागच्या महिन्यात एका रविवारी दरवाजे लावायला घेतले तर चारपैकी एकही धड बसेना. एक वर घासतोय, एक खालून बाहेर येतोय, आणि ड्रायव्हर साइडचा तर लागतच नव्हता.

गाडी सासऱ्यांची, ॲम्बॅसेडर मार्क थ्री, १९७७ ची. मूळची इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्रीची बॉडी, बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनायची, आणि २०१४ पर्यंत तोंडावळा थोडाफार बदलत पण अंग तेच ठेवून बनत राहिली. त्यामुळे माझा समज असा की कुठल्याही ॲम्बीचा दरवाजा कुठल्याही ॲम्बीला बसणार. आमचा ड्रायव्हर साइडचा खालून पार सडलेला, म्हणून जुन्या बाजारातनं एक आणला, तो बसेना तर मी सगळं खापर त्याच्यावर फोडलं. मागच्या कडेला वर गॅप जेमतेम २ मिमी आणि खाली ९. ग्राइंडर घेऊन वरची कड खाणारच होतो, तेवढ्यात उद्यमनगरातले डेंटरमामा (गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणारे) आले आणि म्हणाले, "दरवाजाला कशाला शिव्या द्यायलाय सर, आधी चौकट बघा की."

त्यांनी एक दोरा काढला. चौकटीच्या एका कोपऱ्यातनं समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप, मग दुसरं तिरकं, मग तीच दोन मापं पलीकडच्या बाजूची. दोन बाजूंमध्ये ७ मिमीचा फरक! कारण नंतर कळलं. आधी ज्या गॅरेजला गाडी दिली होती त्यांनी दरवाज्याखालचा सडलेला उंबरा एकदम कापून नवीन पत्रा जोडला, पण कापायच्या आधी चौकटीत आडवा अँगल मारून ती धरून ठेवली नाही. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, उंबराच तिचा कणा, तो कापला की मधला भाग बसतो आणि चौकट वरनं आवळली जाते. वर २ आणि खाली ९ चं गणित ते. दरवाजा बिचारा सरळच होता.

मग उंबऱ्याखाली लाकडाचा ओंडका, त्याखाली जॅक, वेल्डिंग सोडवलं, थोडं थोडं उचलत दोरा जुळेपर्यंत नेलं, अँगल मारले आणि परत वेल्डिंग. लिहायला एक वाक्य लागलं, करायला दोन आठवडे गेले.

दुसरा गाढवपणा मात्र पूर्ण माझा. मी बोनेटपासून सुरुवात केली होती, कारण ते सोपं, चार बोल्ट आवळले की झालं. मामांनी सगळं ढिलं करायला लावलं. त्यांचं म्हणणं, जे हलत नाही तिथनं निघायचं. मागचा क्वार्टर, म्हणजे मागच्या दरवाजामागचा पत्रा, वेल्डिंगचा, तो तसूभरही हलणार नाही. म्हणून आधी मागचा दरवाजा क्वार्टरला जुळवायचा, मग पुढचा दरवाजा मागच्याला, मडगार्ड पुढच्या दरवाजाला, आणि बोनेट सगळ्यात शेवटी दोन मडगार्डांच्या मधे. मी उलटा निघालो होतो त्यामुळे पुढची सगळी चूक ढकलत ढकलत मागे नेली असती आणि ती शेवटी जिथं काहीच हलत नाही तिथं जाऊन अडकली असती.

बिजागऱ्यांचं गणित मला जाम आवडलं. दोन बिजागऱ्यांमधे साधारण ३५ सेंमी अंतर, दरवाजा साधारण ९० सेंमी रुंद, म्हणजे खालच्या बिजागरीमागे १ मिमीचं पॅकिंग घातलं की मागची कड अडीच मिमीच्या आसपास उचलली जाते. मी पहिल्या फटक्यात दोन वॉशर घातले आणि दरवाजा छताकडे बघायला लागला. हो, आणि हे सगळं करताना चौकटीच्या उभ्या पिलरवरचा, ज्यात लॉक अडकतं तो आकडा काढून ठेवायचा बरं का. नाहीतर दरवाजा लावताना तो आकडाच दरवाजाला उचलून धरतो, आपल्याला वाटतं बसला, आणि उघडला की परत लोंबतो. माझ्या वरच्या बिजागरीची पिन इतकी झिजलेली की दरवाजा हाताने उचलला की टक्क वाजायचा. ती पिन बदलल्याशिवाय बाकी सगळं मोजमाप फुकट.

गॅप मोजायला मी ५ मिमीचं ड्रिल बिट वापरतोय, कडेने फिरवत न्यायचं, कुठं अडकतं कुठं सैल पडतं ते लगेच कळतं. रंगाचे थर दोन्ही कडांवर चढणार म्हणून ४ च्या जागी ५ ठेवलेत. पत्र्याची लेव्हल मात्र डोळ्याला कळत नाही, तळव्याखाली पातळ फडकं धरून हात फिरवायचा. मामांना ते फडकंही लागत नाही.

आत्ता डावीकडचे दोन्ही आणि उजवीकडचा मागचा बसलाय. पण नवीन रबर लावून बघितलं तर तो उजवीकडचा मागचा परत ३ मिमी बाहेर! बाजारात मिळणारं रबर दगडासारखं, दाबलं जातच नाही. चार दिवस दरवाजा बांधून ठेवलाय, बघू किती बसतंय ते. सासरे काल येऊन बघून गेले. म्हणाले, "अहो जावईबापू, ही नवी होती तेव्हासुद्धा तो मागचा दरवाजा आपटूनच लावायचो आम्ही."