बागेखालचं पाणी

हँगिंग गार्डनला येणारा पाहुणा आधी समोरच्या बागेतला म्हातारीचा बूट बघतो, मग इकडे येऊन झुडपांच्या हत्तीसोबत फोटो काढतो. पायाखाली साधारण पावणेपंधरा कोटी लिटर पाणी आहे, हे त्याच्या गावीही नसतं. आम्हा गिरगावकरांच्या तरी कुठे असतं? आमची ओळख थेट नळाशी.

मलबार हिलचा हा जलाशय 1887चा. माझगावच्या टेकडीवरचा भंडारवाडा जलाशय त्याच्याही आधीचा, 1884चा. विहार तलावाचं पाणी नळाने मुंबईत 1860 सालीच आलं होतं, 1879मध्ये तुळशी तलावाचंही आलं. मग टेकड्यांवर टाक्या कशाला? कारण साधं आहे. तलावाकडून येणारा मोठा नळ रात्रंदिवस सारखा वाहतो, पण मुंबईकर उठतो, तोंड धुतो आणि आंघोळीला जातो तो सगळा एकाच वेळी. तेव्हा रात्री उंचावर साठवायचं आणि पहाटे उताराने खाली सोडायचं. खालच्या वस्त्यांकडे ते आपल्याच वजनाने धावतं. पालिकेच्या चावीवाल्याने व्हॉल्व्ह उघडला की चाळीत तळमजल्यावर धो धो आणि तिसऱ्या मजल्यावर करंगळीएवढी धार, हाही त्याच उताराचा न्याय.

नळ आले तरी विहिरी होत्याच. डॉ. बेंटले यांचा हिवतापावरचा अहवाल 1911 साली आला आणि डासांपायी शहरातल्या विहिरी बुजवण्या-झाकण्याची मोहीम निघाली. डास किती कमी झाले कोण जाणे, टेकडीची सत्ता मात्र पक्की झाली. शहरातल्या सगळ्यात श्रीमंत टेकडीने चाळीच्या आंघोळीची वेळ ठरवावी, याची मला अजून गंमत वाटते.

जलाशयाचे आत पाच कप्पे आहेत. एक रिकामा करून तपासायचा तर बाकीच्यांवर शहर चालवावं लागतं. मागे जुना जलाशय पाडून नवा बांधायचा बेत निघाला, तेव्हा शेकडो झाडं जाणार म्हणून 2023मध्ये रहिवासी उभे राहिले. तज्ज्ञ आत उतरून आले आणि शेवटी पाडकाम बारगळून दुरुस्तीवर निभावलं. मला ते पटलं. सव्वाशे वर्षांपेक्षा जास्त टिकलेल्या बांधकामाला उगाच कशाला हात लावायचा! आमच्या शेजारच्या काकूंना ना झाडांचं पडलंय ना दगडी भिंतींचं. पाणीकपातीची नुसती बातमी आली तरी त्या पातेली, कळश्या, लोणच्याच्या रिकाम्या बरण्यासुद्धा भरून ठेवतात, आणि त्या दिवशी पाणी हटकून रोजच्यापेक्षा जास्त वेळ राहतं.