वुइचिक म्हणजे पाटलाचा पोरगा, पण गाव कोणतं?

माझं माहेरचं आडनाव पाटील, सासरचं वुइचिक. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर मला कळलं की दोन्ही आडनावं एकाच अंगणातली आहेत. पोलिश भाषेत 'वुइत' म्हणजे गावचा मुख्य, आणि वुइचिक म्हणजे त्याचा पोरगा. न्यू जर्सीतल्या आमच्या स्वयंपाकघरात मी हे सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ८१ वर्षांचा तो माणूस हरखून गेला. अमेरिकेत सगळे त्यांना आयुष्यभर 'वोजिक' म्हणत आले. मग त्यांनी विचारलं, "त्या पाटलाचं गाव कोणतं?"

या प्रश्नाचं उत्तर मिळायला चौदा महिने लागले. त्यातले अकरा महिने एका चर्चच्या कार्यालयाने खाल्ले. ती चीड अजून गेलेली नाही, म्हणूनच हे सगळं लिहून ठेवते आहे.

आधी आडनावाचं सांगते, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. कोवाल्स्कीमध्ये लोहार आहे, क्राव्चिकमध्ये शिंपी, नोव्हाक म्हणजे गावात नव्याने आलेला. शेवटी 'स्की' असलेली बरीच आडनावं आपल्या 'कर'सारखी गावावरून पडलेली आहेत. वाचायला फार गोड वाटतं, पण अर्थ कळला म्हणून घराणं सापडत नाही. वुइचिक हे पोलंडमधल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक. ते काही ठिकाणी वोइचेख या नावावरूनही पडलेलं आहे. महाराष्ट्रातले सगळे पाटील जसे एकमेकांचे भाऊबंद नाहीत, तसंच हे. आडनावांचे अर्थ सांगून पैसे घेणाऱ्या वेबसाइटवर एक डॉलरही घालवू नका. गावाचं नाव मिळवा, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

घरात एवढीच माहिती होती की सासऱ्यांचे आजोबा पोलंडमधल्या क्राकुव शहराजवळचे, विशीच्या आत अमेरिकेला आले आणि पेनसिल्व्हेनियात कोळशाच्या खाणीत लागले. नाव अल्बर्ट. १९१०च्या जनगणनेत ते सापडले, जन्मस्थान 'ऑस्ट्रिया'. नवरा दोन दिवस गोंधळलेला होता. त्याला सांगावं लागलं की १७९५ ते १९१८ अशी १२३ वर्षं पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघांनी तो वाटून घेतला होता, आणि क्राकुवकडचा भाग, म्हणजे गॅलिशिया, ऑस्ट्रियाच्या वाट्याला गेला होता. तुमच्या कागदात 'रशिया' लिहिलं असेल तर तयारी वेगळी करावी लागेल, कारण तिकडच्या नोंदी १८६८पासून रशियन भाषेत आहेत. गॅलिशियातल्या चर्चच्या नोंदी लॅटिनमध्ये, रकाने आखलेल्या. त्या मानाने सोप्या.

जहाजाची यादीही मिळाली. १९०९, ब्रेमेनहून न्यूयॉर्क. न्यूयॉर्कला उतरणाऱ्यांची तपासणी जिथे व्हायची त्या एलिस आयलंडवरच्या साहेबाने आमचं नाव बिघडवलं, असं सासरी सगळे सांगायचे. तसं नसतं. या याद्या जहाज सुटायच्या बंदरावर तयार व्हायच्या, आणि इकडचा अधिकारी त्याच याद्यांवरून माणसं तपासायचा. आमच्या यादीत आडनाव बरोबर होतं आणि गावाच्या जागी 'डॅब्रोवा' लिहिलं होतं. १९०७नंतरच्या यादीला दुसरं पान असतं, त्यावर जन्मगाव असतं. तेही उघडलं. तिथेही डॅब्रोवाच.

आता डॅब्रोवा म्हणजे पोलिशमधलं दोंब्रोवा, ओकच्या झाडांची राई. त्या नावाची गावं पोलंडभर पसरलेली आहेत. आपल्याकडे कुणी नुसतं 'वडगाव' सांगितलं तर आपण काय करणार? त्यातलं एक दोंब्रोवा तालुक्याचं ठिकाण होतं, म्हणजे तो शब्द गावाचा की तालुक्याचा, हेही ठरवता येईना.

गाव सांगू शकेल असा एकच कागद उरला होता. आजोबांचं लग्न १९१३ मध्ये त्या खाणीच्या गावातल्या पोलिश चर्चमध्ये झालं होतं. असल्या चर्चचे फादर बहुतेक पोलंडहूनच आलेले असत. नवरा-नवरी कुठल्या गावचे हे ते रजिस्टरमध्ये लिहीत, आणि अमेरिकन कारकुनासारखं ऐकून नव्हे, तर शुद्ध पोलिशमध्ये. ते चर्च कधीच बंद झालेलं आणि रजिस्टरं शेजारच्या चर्चमध्ये गेलेली. त्या चर्चचं नाव मी लिहीत नाही.

कार्यालय मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी नऊ ते बारा. फोन कुणी उचलत नसे. ईमेलला उत्तर नाही. तिसऱ्या पत्रानंतर एक फॉर्म आला. त्यासोबत नातं सिद्ध करणारे दाखले हवेत, म्हणजे सासऱ्यांचा जन्मदाखला आणि त्यांच्या वडिलांचाही. शुल्क मनीऑर्डरनेच. सगळं पाठवलं. सात आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: अल्बर्ट वुइचिक या नावाची विवाहनोंद नाही.

मी ते पत्र सासऱ्यांना आठवडाभर दाखवलं नाही. ते रोज विचारायचे.

मग रात्री वाचता वाचता उमगलं. अल्बर्ट हे इथलं नाव. पोलंडमध्ये ते वोइचेख असणार, आणि वोइचेखला चर्चच्या लॅटिनमध्ये अडालबेर्टुस लिहितात. त्यातूनच अमेरिकेत कित्येक वोइचेख अल्बर्ट झाले. तसेच स्तानिस्वाव स्टॅन्ली झाले, व्वादिस्वाव वॉल्टर झाले. म्हणून अर्जात तिन्ही रूपं लिहा: इथलं, पोलिश आणि लॅटिन. सेक्रेटरीबाईंनी 'अल्बर्ट' शोधला, दिसला नाही, वही मिटली. पुन्हा फॉर्म, पुन्हा मनीऑर्डर.

या वेळी दाखला आला. छान जाड कागद, उठावाचा शिक्का, वराचं नाव, वधूचं नाव, तारीख, फादरचं नाव. जन्मस्थान: पोलंड.

मी फोन केला. एका मंगळवारी अकरा वाजता, ऑफिसच्या जिन्यात उभी राहून. रजिस्टरमध्ये गावाचं नाव आहे का, एवढं तरी बघून सांगा, म्हटलं. त्या म्हणाल्या, दाखल्यावर जे लागतं ते सगळं आहे. पानाचा फोटो मिळेल का? नाही, पानावर दुसऱ्या लोकांच्याही नोंदी आहेत. त्या सगळ्या १९१३च्या नोंदी. त्या माणसांपैकी कुणीच जिवंत असणं शक्य नव्हतं. मी तेही सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.

इथे माझी चूक सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. मी पहिल्यापासून 'दाखला' मागत होते. छापील दाखल्यात बहुधा गावाचा वेगळा रकाना नसतो, जन्मस्थान म्हणून नुसता देश येतो, म्हणून मूळ पानावर गाव असलं तरी ते दाखल्यावर उतरत नाही. पहिल्याच पत्रात लिहा: मूळ पानाची नक्कल हवी, छापील दाखला नको. बाकीच्या नोंदी झाकायच्या असतील तर झाका. आमच्या सातबाऱ्याच्या गावात वाढलेल्या मुलीला हे आधी सुचायला हवं होतं.

शेवटी आम्ही गाडी काढली. नवरा, सासरे आणि मी, अडीच तासांचा रस्ता, गुरुवार. सेक्रेटरीबाई सुट्टीवर होत्या. तिथले तरुण फादर बाहेर आले. सासऱ्यांनी आपल्या आजोबांचं नाव सांगितलं. फादर आत गेले, वही घेऊन आले, टेबलावर उघडली आणि म्हणाले, फोटो काढा. चार मिनिटं लागली असतील. अकरा महिने आणि चार मिनिटं!

लॅटिन ओळीत, सुरेख तिरक्या अक्षरात, गाव होतं: राद्गोश्च. गॅलिशियातलं, दोंब्रोवा तालुक्यातलं. म्हणजे जहाजाच्या यादीत तालुकाच लिहिलेला होता. सासऱ्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि मला तो तीनदा म्हणायला लावला. मग स्वतः म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. मलाही बोलता येईना. मी कोल्हापूरची. १९४३नंतर वळिवड्याच्या छावणीत पाचेक हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-मुलं, येऊन राहिले होते. आजी त्यांच्याबद्दल सांगायची तेव्हा म्हणायची, "त्यांना गाव होतं, पण जायला वाट नव्हती." मला त्या क्षणी आजीचंच वाक्य ऐकू आलं.

त्यापुढचं भराभर झालं. गाव कळलं की पॅरिश, म्हणजे ते गाव कोणत्या चर्चच्या हद्दीत येतं ते, कळते, पॅरिश कळली की वह्या कुठे आहेत ते कळतं. बाप्तिस्म्याच्या नोंदीत घराचा नंबर, आईबापांची नावं, सुइणीचं नाव सुद्धा मिळालं. बायकांची आडनावं शोधताना मात्र लक्ष ठेवा. 'स्की'चं बाईच्या बाबतीत 'स्का' होतं आणि शोधताना निम्मं कुटुंब हातचं जातं.

एक राहिलंच. विवाहनोंदीत साक्षीदारांची नावं असतात, ती सोडू नका. आमच्या नोंदीतला एक साक्षीदार मी जहाजाच्या यादीत पुन्हा शोधला, तर तो आजोबांच्या खालच्याच ओळीत होता, जन्मगाव तेच डॅब्रोवा. म्हणजे दोन पोरं जोडीने निघाली होती. सासऱ्यांना त्याचं आडनाव वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला. त्या माणसाच्या नातवाशेजारी ते सहा वर्षं शाळेत एका बाकावर बसले होते.