आईची खान्देश फेरी आणि 18 लिटरची टाकी

गेल्या मार्गशीर्षात आईला घेऊन आम्ही नऊ दिवस खान्देशात फिरलो. आईचं वय 78. दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्यात, साखर आहे, दर दीड-दोन तासांनी तिला जावं लागतं, आणि उकिडवं बसता येत नाही. तिचं माहेर यावल तालुक्यातलं. सहा वर्षं ती माहेरी गेली नव्हती, आणि त्याचं खरं कारण रस्त्यातले संडास होते. प्रवास ठरला की आदल्या रात्रीपासून ती पाणी प्यायची बंद व्हायची. मग धाप लागायची, चक्कर यायची आणि बेत रद्द व्हायचा.

धाकट्या भावाने ट्रॅव्हलर गाडी राहण्यासारखी करून घेतली, तेव्हा मी एकच गोष्ट मागितली होती. स्वयंपाकाचा ओटा नसला तरी चालेल, पण आईला बसता येईल असा संडास हवा. तो झाला. खुर्चीसारखी बैठक, खाली 18 लिटरची सुटी टाकी. ती गाडीच्या बाजूच्या छोट्या दारातून बाहेर ओढायची, तिला चाकं आणि दांडा असतो, बॅगेसारखी नेता येते. ओट्याचं आणि हात धुण्याचं सांडपाणी वेगळं, ते गाडीखालच्या 60 लिटरच्या टाकीत जातं.

परदेशात अशा गाड्यांसाठी जागोजागी मैला रिकामा करायची ठिकाणं असतात. आपल्याकडे 2021 साली राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं, पण आमच्या वाटेवर तसं एकही ठिकाण लागलं नाही. म्हणजे टाकी भरली की जागा आपणच शोधायची. नऊ दिवसांत हे काम पाच वेळा केलं. आईवडिलांना घेऊन असं निघायचा विचार कुणी करत असेल, तर या माहितीचा उपयोग होईल.

पहिला हिशेब निघण्यापूर्वीच चुकला. गाडी बांधणाऱ्याने सांगितलं होतं, टाकी तीन माणसांना दोन दिवस पुरेल. तो हिशेब कागद वापरणाऱ्यांचा. आपण पाणी वापरतो. आईच्या एका वेळेला धुण्याचं आणि वरून सोडायचं मिळून दीड लिटर तरी पाणी जातं. म्हणजे दहा-बारा वेळा झालं की टाकी भरली. म्हणून पहिल्याच दिवशी नियम केला, गाडीतला संडास फक्त आईचा. मी आणि भाऊ बाहेरचं बघू. तेव्हा कुठे टाकी दीड-दोन दिवस जाऊ लागली.

नाशिकहून चांदवड, मालेगाव करत धुळ्याला मुक्काम केला. सकाळी बैठकीजवळचा लाल दिवा लागला. म्हणजे टाकी भरत आली. ज्या लॉजच्या आवारात गाडी उभी होती, तिथल्या मॅनेजरला मी स्पष्ट सांगितलं, "दादा, आमच्या गाडीत संडासाची टाकी आहे, ती तुमच्या संडासात रिकामी करायची आहे. धुऊन देईन." त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. उलट म्हणाले, "ताई, तुम्ही कशाला? एक माणूस बोलावतो, पन्नास रुपयात करून देईल."

मी नको म्हटलं. माझ्या आईचा मैला आहे, तो दुसऱ्या कुणाच्या हातात मी देणार नाही. हाताने मैला उचलायला माणसं लावणं 2013 च्या कायद्याने बंद केलंय. पण कायदा नसता तरी पन्नास रुपयांत हे काम कुणाला सांगावं असं मला वाटलं नसतं.

टाकी ओतायची एक रीत आहे, ती त्या दिवशी कळली. भरलेली टाकी बावीस-तेवीस किलो होते. तिची तोटी बाहेर वळवायची, झाकण काढायचं, दांडा एका हाताने धरून तोटी भांड्याच्या अगदी जवळ न्यायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने हवेचं बटण दाबून धरायचं. बटण दाबलं नाही तर टाकी गटगट करते आणि उडतं. आपलं खाली बसायचं भांडं या कामाला कमोडपेक्षा सोयीचं, कारण टाकी जमिनीवर टेकवून हळूहळू कलती करता येते. थोडं ओतायचं, थांबायचं, पाणी सोडायचं, परत ओतायचं. घाईने सगळं ओतलं तर भांडं तुंबतं. नंतर टाकीत दोन-तीन लिटर पाणी घालून हलवायचं, तेही ओतायचं, असं तीनदा. मी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, वेगळी बादली आणि वेगळा मग ठेवला होता. पिण्याचं पाणी भरतो त्या नळावर आणि नळीवर ही टाकी कधीही धुवायची नाही.

तिसऱ्या दिवशी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा. घोड्यांचा बाजार बघून आई अर्धा तास एका जागी खुर्ची टाकून बसली होती. तिच्या वडिलांनी म्हणे इथूनच घोडी नेली होती. संध्याकाळी लाल दिवा लागला. यात्रेतल्या फिरत्या शौचालयांपुढे बायकांची रांग होती, तिथे टाकी घेऊन शिरणं बरोबर नव्हतं. रस्त्यावरच्या एका ढाब्यावर विचारलं. पोऱ्याने टाकीकडे बघून विचारलं, "हाई काय शे, ताई?" मी सांगितलं. मालक म्हणाले, त्यांचा खड्डा भरलाय. मग हात करून दाखवलं, "पुढे पूल आहे तापीचा. अंधार पडला की ओतून द्या, कोण बघतंय?"

आई गाडीतून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "हे पाणी माझ्या माहेरावरून आलंय." आणि खरंच, तापी यावल-चोपड्याकडूनच इथे येते. इथून पुढे ती प्रकाशा गावाला जाते. तिथे गोमाई नदी तिला मिळते, लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात, त्या पाण्यात उतरतात. त्याच्या पुढे उकाई धरण, मग सुरत. नदीत घाण सोडायला 1974 च्या जल कायद्यानेही बंदी आहे, पण आईचं वाक्य मला पुरेसं होतं. भावाने गाडी शहाद्याकडे घेतली.

शहाद्यात पैसे देऊन वापरायचं एक शौचालय सापडलं. रात्रीचे साडेआठ झाले होते, तिथले काका झाडून बंद करायच्या बेतात. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती वेळचं आहे?" मी म्हटलं, दहा-अकरा वेळचं. त्यांनी माणशी दराने दहाचे पैसे घेतले, पावती दिली, शेवटचा संडास उघडून दिला आणि पाण्याचा पाइप स्वतः आणून ठेवला. मला हा हिशेब फार योग्य वाटला. ज्याच्या जागेत आपण मैला टाकतो, त्याच्या टाकीतली तेवढी जागा आपण वापरतोच ना. त्यानंतर मी प्रत्येक ठिकाणी आपण होऊन पैसे विचारू लागले.

दुसऱ्या दिवशी तोरणमाळ. घाट चढण्याआधी टाकी रिकामी होती हे फार बरं झालं, कारण त्या वळणांवर भरलेली टाकी हिंदकळते आणि बैठक नि टाकी यांच्या मधल्या झडपेच्या रबरातून वास येतो. यशवंत तलावाच्या काठी थंडी चांगलीच होती. आईने शालीत गुंडाळून सूर्यास्त बघितला.

तिथून अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता धरला. डाव्या हाताला सातपुडा, मध्ये शहादा, शिरपूर, चोपडा, यावल अशी गावं ओळीने लागतात. या रस्त्यावर आमचा अर्धा दिवस गेला. एका पेट्रोल पंपावर नाही म्हणाले, दुसरीकडे पाणीच नव्हतं, आणि पाणी नसलेल्या संडासात टाकी ओतून पुढच्याला ते भोगायला लावणं हा अन्याय आहे. शेवटी वाटेतल्या एका गावी नगरपालिकेत गेलो. तिथल्या बाबूंनी सांगितलं, मैला उपसायची गाडी आहे, पण ती घरच्या टाकीसाठी येते, 18 लिटरला कशी पाठवणार? मी विचारलं, "ती गाडी रिकामी कुठे होते?" त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मग गावाबाहेरच्या मैला प्रक्रिया केंद्राचा पत्ता दिला.

असं केंद्र मी पहिल्यांदाच बघितलं. सिमेंटचे उथळ वाफे, त्यात खडी आणि वाळूचे थर. गाडीतला मैला वाफ्यावर सोडतात, पाणी खाली झिरपून पुढच्या टाक्यांमध्ये जातं, वर गाळ वाळत राहतो. एका वाफ्यातला गाळ वाळून त्याला तळ्याच्या चिखलासारख्या भेगा पडल्या होत्या, आणि वास अगदी थोडा. तिथल्या दादांनी माझी टाकी उघडल्याबरोबर विचारलं, "यात औषध काय टाकलंय?"

मी निळी बाटली दाखवली. गाडी बांधणाऱ्यानेच दिली होती, वास मारण्यासाठी झाकणभर टाकायची. दादांनी लेबल वाचलं आणि फॉर्मल्डिहाइडवर बोट ठेवलं. म्हणाले, मैला कुजवणारे जे जंतू असतात, त्यांनाच हे मारतं. इथे एवढ्याशाने बिघडणार नाही, लॉजच्या मोठ्या टाकीतही पातळ होऊन जाईल, पण कुणाच्या घरच्या छोट्या सेप्टिक टँकमध्ये हे टाकू नका, त्यांची टाकी काम करायची थांबेल. धुळ्याची आणि शहाद्याची आठवण होऊन मला वाईट वाटलं. आपण स्वच्छ धुऊन दिलं, पैसे दिले, म्हणजे झालं असं मी समजत होते. दादांनी नोंदवहीत आमच्या गाडीचा नंबर लिहिला, वेळ लिहिली, आणि हजारोंच्या आकड्यांखाली "18 लिटर" असं लिहिलं. मी सही केली. निळी बाटली त्या दिवसापासून बंद.

औषधाशिवाय वास येईल ही भीती होती. थंडीचे दिवस असल्यामुळे निभावलं. रिकामी केल्यावर टाकीत दोन लिटर साधं पाणी ठेवायचं, झडप नेहमी बंद, गाडी सावलीत, आणि दुसऱ्या दिवशी रिकामी करायचीच. खरं सांगायचं तर मैल्यापेक्षा सांडपाण्याची टाकी जास्त वास मारत होती. खरकटं आणि शेवभाजीचं तेल त्यात गेलं की दोन दिवसांत ती आंबते. म्हणून ताटं आधी कागदाने पुसायची, तोंडावर बारीक जाळी लावायची आणि सांडपाणी रोज सोडायचं. ढाब्याच्या मोरीत सोडू का विचारलं, तर बहुतेकांनी हो म्हटलं.

यावलजवळ मामाच्या मळ्यात पोहोचलो तेव्हा आई गाडीतून उतरून आधी विहिरीकडे गेली. मामा 80 वर्षांचे, केळीचा बाग अजून स्वतः बघतात. त्या रात्री पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, कळण्याच्या भाकरी, भरीत आणि कांद्याची पात. आई पोटभर जेवली आणि पोटभर पाणी प्यायली.

सकाळी मी टाकी काढली. मामींना ते आवडलं नाही. माहेरवाशिणीच्या लेकीने आल्या आल्या मैला वाहायचा? मी म्हटलं, "मामी, आई माझी आहे." त्या काही बोलल्या नाहीत, पण बादलीत गरम पाणी आणून ठेवलं.

मामांचा संडास जुन्या गोबरगॅसला जोडलेला आहे. विहिरीसारखी गोल टाकी, वर लोखंडी ड्रम, गॅस भरला की तो ड्रम वर उचलला जातो. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "औषध टाकलं का वं त्यात?" मी म्हटलं, नाही, आता फक्त साधं पाणी, आणि आधी टाकी धुऊनही घेतली. "मंग टाक." केंद्रावरच्या दादांनी सांगितलं नसतं, तर निळं औषध मी माझ्या मामाच्या गॅसमध्ये ओतलं असतं आणि त्यांची चूल बंद पडली असती. मामांनी मला बाहेर येणारी शेणाची रबडी दाखवली. ती केळीला जाते. म्हणाले, नवा सेप्टिक टँक बांधला की त्यातही शेणकाला टाकायचा असतो, टाकीला विरजण लागतं.

दोन दिवसांनी निघताना मामींनी ओटी भरली. आईने दारातच पाण्याचा तांब्या मागितला आणि उभ्याने अर्धा संपवला. गाडीत बसायच्या आधी पाणी पिताना मी तिला किती तरी वर्षांनी बघितलं.

मग चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम, मुक्ताईचं दर्शन, परतीला एरंडोलचं पद्मालय, आणि चाळीसगावला एका मंगल कार्यालयात पाचव्यांदा टाकी रिकामी केली. तिथल्या व्यवस्थापकांना आधी फोन करून विचारलं होतं, हे आता जमायला लागलं होतं. लग्नाची तारीख नसेल तर मंगल कार्यालय सगळ्यात चांगलं. पाणी भरपूर, टाकी मोठी, गाडी आत घेता येते.

नाशिकला आल्यावर टाकी लिंबाच्या पाण्याने धुऊन गच्चीवर उघडी वाळवली. झडपेच्या रबराला सिलिकॉनचं वंगण लावलं. व्हॅसलीन लावू नये, रबर खराब होतं. आई शेजारी उन्हात बसली होती. तिने विचारलं, "आखाजीला निघायचं ना?" आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, वैशाखातलं खान्देशचं ऊन. तेव्हा टाकी दोन दिवस थांबणार नाही, रोज रिकामी करावी लागेल. शिरपूर ते यावलच्या मध्ये अजून दोन जागा मला आतापासून फोन करून ठरवायच्या आहेत.