घरी कुठली भाषा बोलायची?

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं, पण स्वतःची चूक लिहायची म्हटलं की हात थांबतो. आज लिहूनच टाकते.

मी शाळेत शिकवते आणि माझ्या वर्गात दरवर्षी दोन-चार तरी अशी मुलं येतात जी वर्षाच्या मधेच कुठूनतरी लांबून आलेली असतात, काही निर्वासित कुटुंबातली, काही आईवडिलांच्या कामापायी आलेली, आणि शाळेची भाषा कुणालाच धड येत नसते. त्यातलाच एक दहा वर्षांचा मुलगा. पहिले तीन महिने त्याने वर्गात तोंडच उघडलं नाही. मी काळजीत पडले, आईला बोलावून घेतलं, दुभाषी मिळेना म्हणून त्यालाच मधे बसवलं आणि म्हटलं, "आईला सांग, घरी शाळेचीच भाषा बोलत जा, म्हणजे तू पटकन शिकशील." त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आईकडे, मग मान खाली घालून दोन वाक्यं बोलला. आईने मान हलवली. मला वाटलं, चला, झालं काम.

त्या एका वाक्याने काय केलं ते मला खूप उशिरा कळलं, ते पुढे सांगते.

आधी त्या गप्प बसण्याबद्दल. नवीन भाषेत पडलेली बरीच मुलं सुरुवातीला काही आठवडे, कधी कधी काही महिने बोलतच नाहीत. त्याला मौनाचा काळ म्हणतात. या काळात मूल ऐकत असतं, कोण कधी हसतं, बेल झाली की सगळे काय उचलतात, टीचरचा आवाज कधी चढतो, सगळं टिपत असतं. बोलायला भाग पाडलं की ते अजून आत जातं. त्यापेक्षा बोट दाखवू दे, चित्र काढू दे, शेजारच्याबरोबर जोडीने करू दे. आणि दुसरी बाजू पण आहे, एकदा मूल मैदानावर धडाधड बोलायला लागलं की आपण म्हणतो आता आली भाषा, आणि मदत काढून घेतो. जिम कमिन्स नावाच्या कॅनडातल्या अभ्यासकांनी १९७९ च्या सुमारास हा फरक मांडला, की रोजच्या बोलण्याची भाषा एक-दोन वर्षांत येते पण धडा वाचून समजायची, कारणं द्यायची, विज्ञानाचं उत्तर लिहायची भाषा वयाच्या बाकीच्या मुलांइतकी यायला साधारण पाच ते सात वर्षं लागतात. पाच ते सात! आणि आपण दुसऱ्याच वर्षी प्रगतिपुस्तकात "लक्ष देत नाही" असं लिहून मोकळे होतो.

त्याच्या गणिताच्या वहीत मी भागाकाराला फुल्या मारल्या होत्या. एक दिवस नीट बसून बघितलं तर उत्तरं बरोबर होती, फक्त मांडणी वेगळी, भाजक दुसऱ्याच बाजूला लिहिलेला, आणि दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम. जगात बऱ्याच ठिकाणी तसंच शिकवतात. म्हणजे त्याला येत होतं आणि मी त्याला येत नाही असं ठरवत होते. हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

निर्वासित मुलांच्या बाबतीत अजून एक गोष्ट असते, मधली वर्षं गेलेली असतात. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या २०२३ च्या अहवालात शाळेच्या वयाच्या निर्वासित मुलांचा आकडा १ कोटी ४८ लाख होता आणि त्यातली निम्म्याहून जास्त शाळेबाहेर होती. १९५१ च्या निर्वासित करारातलं कलम २२ सांगतं की प्राथमिक शिक्षणाच्या बाबतीत निर्वासितांना देशातल्या नागरिकांसारखीच वागणूक मिळाली पाहिजे, पण वर्गात बाक दिला म्हणजे तेवढ्याने होत नाही ना. बारा वर्षांच्या मुलीला अक्षरओळख नाही म्हणून सहा वर्षांच्या पोरांमधे बसवलं तर ती काय शिकेल, ती लाजेने मरेल. तिला तिच्या वयाच्या मुलांबरोबरच ठेवायचं आणि वाचायला शिकवायला रोज वेगळा वेळ काढायचा, कितीही जड गेलं तरी. आणि आगीच्या ड्रिलचा भोंगा वाजायच्या आधी अशा मुलांना सांगून ठेवायचंच, चित्र काढून का होईना. एकदा आम्ही विसरलो आणि एक मुलगी बाकाखाली गेली ती दुपारपर्यंत बाहेर आली नाही. "तिकडे काय झालं होतं सांग" असंही कधी विचारू नये, तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल.

तर ती आई.

आठ महिन्यांनी शाळेने पहिल्यांदा फोनवरून दुभाषी मिळवून दिला. या वेळी मुलगा बाहेर मैदानावर खेळत होता. मी नेहमीची वाक्यं बोलायला लागले, तो छान करतोय वगैरे, तर तिने मला थांबवलं आणि बराच वेळ बोलत राहिली. मग पलीकडून दुभाषी म्हणाला, "त्या म्हणतायत, तुम्ही मागे सांगितलं होतं की मुलाशी आपल्या भाषेत बोलू नका. त्यांना शाळेच्या भाषेतले वीस-पंचवीसच शब्द येतात. म्हणून त्या त्याच्याशी फक्त जेव, झोप, ये, एवढंच बोलतात."

आठ महिने. जिच्याकडे त्याला सांगण्यासारखं सगळं होतं, ती त्याच्याशी वीस शब्दांत बोलत होती, का तर मी सांगितलं म्हणून. आणि तो निरोप मी त्याच्याच तोंडून तिला पोचवला होता.

मी माफी मागितली, मग दुभाष्याला म्हटलं की हे शब्द न शब्द सांगा: तुमच्याच भाषेत बोला, भरपूर बोला, गोष्टी सांगा, भांडा, हिशोब करा. जी कल्पना मुलाला घरच्या भाषेत नीट कळलेली असते तिच्यासाठी नव्या भाषेत फक्त शब्द शोधायचा राहतो, कल्पना परत पहिल्यापासून शिकावी लागत नाही. हे मी ट्रेनिंगमधे ऐकलेलं होतं, तरी वेळ आली तेव्हा तोंडातून उलटंच गेलं होतं.

तेव्हापासून मी पालकांशी बोलताना मुलाला मधे घेत नाही, निदान मार्क, आजारपण, पैसे, तक्रार यातलं काही असेल तर नाहीच. पोराने काय काय पेलायचं? दुभाषी मिळत नसेल तर मीटिंग दोन दिवस पुढे ढकलते. लोक वैतागतात, वैतागू देत. घरी पाठवायच्या चिठ्ठ्या छोट्या करते, एका चिठ्ठीत एकच गोष्ट, तारीख मोठी, काय आणायचं त्याचं चित्र. आणि पहिल्याच दिवशी नाव कसं उच्चारायचं ते पालकांकडूनच ऐकून, तीनदा म्हणून दाखवून, फोनमधे रेकॉर्ड करून घेते. सोपं पडावं म्हणून कुणाचं नाव तोडत नाही.

त्या मुलाला मी एक वही दिली. पानावर तीन रकाने, शाळेतला शब्द, चित्र, आणि त्याच्या भाषेतला शब्द त्याच्याच लिपीत. बाष्पीभवन, परीघ, प्रतिनिधी, असले शब्द. घरी आईला विचारून आणायचे. मला ती लिपी वाचता येत नाही, मी नुसतं बघते. गेल्या आठवड्यात वही उघडली तर तिसऱ्या रकान्यातल्या दोन शब्दांवर पेन्सिलीने बारीक खाडाखोड होती आणि बाजूला वेगळ्याच, मोठ्या माणसाच्या अक्षरात ते शब्द परत लिहिलेले होते. मी विचारलं, हे कोणी केलं? म्हणाला, "आईने. माझं स्पेलिंग चुकलं होतं."