तिसरा हात

हेडफोन घालून दिवसभर लोकांचे चेहरे बघायचे, ही माझी नोकरी. ऑफिस ऐरोलीला. बँकेत खातं उघडायला हल्ली शाखेत जावं लागत नाही. मोबाइलवर पॅन-आधार भरलं की व्हिडिओ कॉल लागतो आणि पलीकडून कोणीतरी बाई म्हणते, "नमस्कार, हा केवायसी कॉल रेकॉर्ड होत आहे." ती बाई म्हणजे मी, किंवा माझ्या रांगेतली दुसरी कोणी. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2020मध्ये या प्रकाराला परवानगी दिली, तेव्हा कॉल बँकेच्याच माणसाने घ्यायचा अशी अट घातली. म्हणून आमच्या खुर्च्या शाबूत आहेत, हे आमचे साहेब अप्रेझलच्या वेळी न चुकता ऐकवतात.

बाकीचं सगळं मशीनच करतं आणि माझ्यापेक्षा चांगलं करतं, यात मला कमीपणा वाटत नाही. आधारवरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळवणं, पॅन आयकर खात्याच्या नोंदीशी ताडून बघणं, कॅमेऱ्यासमोर जिवंत माणूस आहे की दुसऱ्या स्क्रीनवर चालवलेला व्हिडिओ, फोन भारतात आहे ना, ठिकाण खोटं दाखवणारं ॲप तर चालू नाही ना, हे सगळं मी "नाव सांगा" म्हणेपर्यंत झालेलं असतं. मी शाखेत होते तेव्हा झेरॉक्सच्या गठ्ठ्यावर 'मूळ प्रत पाहिली' असे शिक्के मारत बसायचे लोक. मूळ प्रत किती जणांनी पाहिली ते त्यांचं त्यांना माहीत. त्या शिक्क्यापेक्षा मशीन कधीही बरं.

तर उन्हाळ्यातली दुपार, जेवून नुकतीच बसले होते. कॉलवर एक मुलगा आला. एकोणीस वर्षांचा, आधारवर परभणी जिल्ह्यातल्या गावाचा पत्ता, लोकेशन तुर्भ्याचं. यात वावगं काहीच नाही. अर्धी नवी मुंबई बाहेरून आलेली आहे. माझ्या स्क्रीनवर सगळ्या चौकोनांत हिरवं. चेहरा जुळला, पॅन जुळलं, आधारचा ओटीपी बरोबर.

"खातं कशासाठी उघडताय?"

"स्कॉलरशिपसाठी, मॅडम."

मागे घुंगरांचा आवाज येत होता. रसवंतीच्या चरकाला बांधलेले असतात ते, ठेक्यात वाजणारे. तोच आवाज मी सकाळी ऐकला होता. सकाळच्या मुलाचं पॅन कार्ड धूसर दिसत होतं म्हणून मी त्याला पुन्हा कॉल करायला सांगितलं होतं. त्याचा पत्ता जालन्याचा होता आणि त्यालाही खातं स्कॉलरशिपसाठीच हवं होतं.

घुंगरू काय, तुर्भ्यात आणि वाशीत कोपऱ्याकोपऱ्यावर रसवंती आहे. पण कान टवकारले खरे.

पुढची पायरी पॅन कार्ड दाखवण्याची. मुलाने कार्ड दोन्ही हातांनी धरून छातीशी आणलं. ट्यूबलाइटचा उजेड कार्डावर चमकत होता, नंबर दिसेना. मी म्हटलं, "कार्ड जरा तिरकं धरा." कार्ड होतं तिथेच राहिलं. तिरका झाला तो फोन. मुलाचे दोन्ही हात, दहाही बोटं, माझ्या समोर कार्डावर. आणि भिंत, पंखा, त्याचं डोकं असं सगळं चित्र डावीकडे कललं. क्षणभर लेन्सच्या कडेला कोणाचं तरी बोट आलं, अंगठी घातलेलं.

"फोन कोणी धरलाय?"

"कोणी नाही. स्टँडला लावलाय."

हे बोलताना त्याची नजर कॅमेऱ्याच्या वर गेली. मशीन दुसरा चेहरा दिसला तर लगेच लाल दिवा लावतं. हात मोजत नाही.

प्रश्न दर वेळी तेच आणि त्याच क्रमाने विचारायचे नाहीत, असा नियमच आहे. नाहीतर लोक पाठ करून येतात. तेव्हा मी क्रम सोडला आणि विचारलं, "फॉर्ममध्ये खात्याला जोडायला जो मोबाइल नंबर दिलाय, तो सांगा बरं." आपला नंबर माणूस झोपेतही सांगतो. हा गप्प. मग "नऊ... आठ..." असं एकेक आकडा थांबून थांबून, आणि प्रत्येक आकड्याच्या आधी पलीकडे कुजबुज. आधारचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो, आणि तो फोन मुलाकडे होता. खात्याला लावायचा नंबर आमच्याकडे वेगळा देता येतो. तो त्याच्या नावावर घेतलेल्या नव्या सिमचा असणार आणि ते सिम अंगठीवाल्याच्या खिशात.

ग्राहकाला बाजूने कोणी उत्तरं सांगताना दिसलं तर अर्ज तिथेच फेटाळायचा, असं रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत स्वच्छ लिहिलंय. मी तो फेटाळणारच होते. पण स्क्रिप्टमधलं 'आपला अर्ज पुढे नेता येत नाही' हे वाक्य तोंडात येईना. माझा भाचा याच वयाचा आहे.

"अरे, ऐक," मी म्हटलं. "या खात्यात उद्या कोणाचे लुबाडलेले पैसे आले ना, तर पोलीस तुझ्या गावच्या पत्त्यावर येतील. शेजारी बसलाय त्याच्याकडे नाही."

"हौ मॅडम, पण मला तर—"

कॉल कापला गेला. त्याने कापला की त्या तिसऱ्या हाताने, कोण जाणे.

दुसऱ्याच्या नावाने खाती उघडवून ती विकायची, असा हा धंदा. त्यात खात्याला 'किट' म्हणतात. पासबुक, डेबिट कार्ड, सिम, नेट बँकिंगचा पासवर्ड, सगळं एका पाकिटात. मुलाला थोडे पैसे टेकवायचे, किट पुढे विकायचं. डिजिटल अटक, शेअर बाजाराची खोटी ॲप्स, यांत लोकांचे पैसे जातात ते आधी असल्याच खात्यांत. तिथून तासाभरात पुढच्या दहा खात्यांत. म्हणून तर फसवणूक झाल्या झाल्या 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा म्हणून सांगतात. आणि आमच्या यंत्रणेची खरी पंचाईत इथेच आहे. ती विचारते, 'हा तोच आहे का?' मुलगा तोच असतो. कागद अस्सल, चेहरा अस्सल, गाव अस्सल. खोटं फक्त 'स्कॉलरशिप' एवढंच, आणि ते कुठल्या नोंदीशी ताडून बघणार?

मी केस फ्रॉड डेस्ककडे दिली. त्यांनी लोकेशनवरून मागचे अर्ज काढले तर त्याच इमारतीतून आणखी खाती उघडलेली निघाली, दोन-तीन चालूही झालेली. एका ठिकाणाहून फार अर्ज आले तर इशारा द्यायचा नियम होता आमच्याकडे. पण गेल्या जूनमध्ये कॉलेजांच्या प्रवेशाच्या वेळी एका होस्टेलमधली पोरं धडाधड खाती उघडू लागली, इशाऱ्यांचा पूर आला, आणि मर्यादा वाढवली गेली. ती पुन्हा खाली आणायचं राहूनच गेलं. शिवाय लोकेशनला मजला कळत नाही. खाली रसवंती, वर क्लास, त्यावर भाड्याची खोली, सगळं एकच ठिपका.

चालू झालेल्या खात्यांच्या मालकांना डेस्कच्या मुलाने फोन लावले. प्रत्येक वेळी फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला, आणि आवाज तिशी-पस्तिशीतल्या माणसाचा. म्हणजे ग्राहकाची चौकशी करायला आम्ही फोन करतोय तो नेमका टोळीलाच! शेवटी पुन्हा पडताळणी होईपर्यंत त्या खात्यांतून पैसे बाहेर जाणं थांबवलं आणि आधारच्या पत्त्यांवर साधी पत्रं टाकली, पोस्टाने. एवढा सगळा डिजिटल खटाटोप आणि पोहोचायचं कसं, तर पोस्टमन. पुढचं काय झालं ते आमच्या डेस्कपर्यंत येत नाही. संशयास्पद व्यवहारांचा अहवाल वर गेला की नाही, हेही बोलायचं नसतं. ग्राहकाला सुगावा लागू देणं कायद्याने मना आहे.

खातं उघडल्यानंतरच्या वागण्यावरून असली खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने 'म्यूलहंटर.एआय' बनवलंय (असल्या खात्यांना इंग्रजीत 'म्यूल' म्हणतात), डिसेंबर 2024च्या पतधोरणात त्याचा उल्लेख होता. चांगलंच आहे. पण त्याला कळायला आधी पैसे यावे लागतात, आणि ते कोणाचे तरी गेलेले असतात.

पुढच्या आठवड्यात मीटिंग झाली. सॉफ्टवेअरवाला म्हणाला, हात मोजता येतील, पण वेळ लागेल. तोवर स्क्रिप्टमध्ये एक वाक्य वाढवलं: 'कृपया फोन हातात घेऊन खोली एकदा फिरवून दाखवा.' साहेबांना कॉलची सरासरी वेळ वाढण्याची काळजी, आणि ती रास्त निघाली. खोलीत लपलेला माणूस मला अजून कोणाच्या घरात दिसलेला नाही. दिसतात ते दोरीवरचे कपडे, न आवरलेलं अंथरूण आणि त्यावरून होणारी पळापळ. परवा डोंबिवलीच्या एका काकू म्हणाल्या, "थांब गं बाई, घर जरा आवरते," आणि फोन ओट्यावर ठेवून गेल्या त्या गेल्याच. मी छताचा पंखा बघत बसले. माझ्या स्क्रीनवरचं घड्याळ लाल झालं होतं.