सतरावा नंबर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला. मैदान, स्नेहसंमेलन, बोर्डात आलेली मुलं यांवर बाकीचे लिहितीलच. मी १९९३ सालच्या आठवीच्या वर्गाबद्दल लिहितो.

त्या वर्षी २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, गुलालानं माखलेली माणसं उशिरा झोपली आणि पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. किल्लारीच्या आसपासच्या आमच्या गावांत दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. झोपलेले त्याखालीच राहिले. माझी तिसरीतली बहीण त्यात गेली.

दिवाळीनंतर शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरू लागली. पहिल्या दिवशी वर्गशिक्षकांनी जुनाच हजेरीपट उघडला. (सरांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. आमच्या वर्गाला कळेलच.) सतराव्या नंबरचं नाव घेतलं आणि ते थांबले. मागून कोणीतरी म्हणालं, "सर, ते गेलं की." सर पुढचं नाव घेतील असं वाटलं. त्यांनी पट मिटला. "ह्यानं माझ्या सायकलची हवा किती वेळा सोडली, सांगा बरं?" आधी कोणी बोलेना. मग एक जण म्हणाला, "चार." दुसरा म्हणाला, "सहा, दोनदा मीच पंप धरला होता." वर्ग हसला, आणि हसता हसता पुढच्या रांगेतला एक जण रडायला लागला. सरांनी त्याला गप्प केलं नाही.

रस्त्यावरून ट्रक गेला तरी पत्रे थरथरायचे आणि सगळा वर्ग बाहेर पळायचा. गावात येणारे पाहुणे "रडू नका, शूर व्हा" सांगून जायचे. सर आमच्यासोबत पळायचे; खरं सांगायचं तर कधी कधी आमच्याही आधी. मग मोकळ्यावर उभं करून विचारायचे, "भ्या कुठं वाटतंय? पोटात का छातीत?" कुणाच्या पोटात असायचं, कुणाच्या पायात. एक जण म्हणाला, "कानात." सर हसले नाहीत. "कमी झालं का?" एवढंच विचारायचे आणि होईपर्यंत कुणाला आत नेत नसत. परीक्षेच्या सुमारास पोरं दारापर्यंत पळून तिथूनच परत फिरायला लागली. आज माझ्या मुलीच्या शाळेत समुपदेशक आहेत, भिंतीवर भावनांचा रंगीत तक्ता आहे. सरांच्या बी.एड.ला असलं काही असेल असं मला वाटत नाही.

मी मात्र कुठं भीती वाटते ते कधीच सांगितलं नाही. भीती नव्हतीच, दुसरंच काहीतरी होतं. एका मधल्या सुट्टीत शेडमागे सर शेजारी येऊन बसले. काही विचारलं नाही, भुईमुगाच्या शेंगा पुढं केल्या. चार-दोन शेंगा फोडल्यावर माझ्याच तोंडून निघालं, की त्या रात्री बहीण प्रसादाच्या खोबऱ्यासाठी भांडली, मी दिलं नाही, आणि वर तिला "मर" म्हणालो.

तुझ्या बोलण्यानं कुठं भूकंप होतो का, असं दुसरं कोणीही म्हणालं असतं. सर बराच वेळ टरफलं चुरगाळत राहिले. मग म्हणाले, "मी पण आईशी अबोला धरूनच झोपलो होतो रे."

त्यांची आई गेली हे आम्हा पोरांना माहीतच नव्हतं. घंटा झाली, आत वर्गात गोंधळ सुरू झाला, हेडसर एकदा डोकावून गेले. सर उठले नाहीत.

– एक माजी विद्यार्थी, दहावी १९९६